हृदयांत तुटलेली तार

वारणेच्या खोऱ्याला तारेचें नवल नाहीं. कैलासवासी तात्यासाहेब कोरे यांच्या प्रयत्नानें पन्हाळा तालुक्यांतील माळावर सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या भोंवतीं वारणानगर वसलें, आणि तेव्हांपासून दिव्याची, यंत्राची, टेलिफोनची अशी एकेक तार या भागांत येत गेली. १९९८ सालीं तर वारणानगर व भोंवतालचीं सत्तर खेडीं संगणकांनीं जोडण्याची योजना निघाली, आणि 'वायर्ड व्हिलेज', म्हणजे तारांनीं जोडलेलें गांव, या नांवानें तिचा बोलबाला दूरवर झाला. शेतकऱ्याला आपल्या ऊंसाचें वजन किती भरलें तें गांवांतल्या गांवांत कळावें, हा त्या योजनेचा एक हेतु होता. परंतु आज जिची हकीकत सांगावयाची आहे ती तार याहून फार निराळी आहे. चारपांच केंस एकत्र धरले असतां जेवढी जाडी होईल तेवढीच तिची जाडी. नेमकें सांगावयाचें तर एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित् अधिक. लांबी मात्र पावणेदोन-दोन मीटर. ही तार माणसाच्या हृदयाच्या रोहिणींत जाते, बहुतेक वेळां आपलें काम करून निमूटपणें बाहेर येते, आणि क्वचित्, फार क्वचित्, आंतच तुटते.

सर्व शरीराला रक्त पुरविणाऱ्या हृदयाला स्वतःलाहि रक्त लागतें, आणि तें महारोहिणीच्या मुळाशीं फुटणाऱ्या दोन लहान रोहिण्यांतून मिळतें. यांचा व्यास दोन ते चार मिलिमीटर. मोठी झाली तरी ज्वारीच्या दाण्याएवढी. या रोहिणीच्या आंतल्या बाजूस वर्षानुवर्षें मेद व चुना यांचा थर सांचतो, एखादे दिवशीं त्या थरास तडा जातो, तेथें रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. त्यालाच आपल्याकडे 'हार्ट ॲटॅक आला' असें म्हणतात. बंद पडलेली ही वाट छाती न फाडतां उघडावयाची, ही विद्या नवी आहे. शंभर वर्षांचीहि झालेली नाहीं.

तिचा आरंभ एका हट्टी तरुणापासून होतो. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्ड गांवच्या रुग्णालयांत वेर्नर फोर्समान या पंचविशींतल्या डॉक्टरानें, वरिष्ठांची अनुज्ञा नसतां, स्वतःच्या डाव्या कोंपराजवळच्या शिरेंतून मूत्रमार्गासाठीं वापरावयाची एक बारीक नळी सुमारें पासष्ट सेंटिमीटर आंत सारली, आणि ती तशीच दंडांत ठेवून तो क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेला. नळीचें टोंक हृदयांत पोंचल्याचें छायाचित्र त्यानें काढून घेतलें. त्या काळीं त्याला शाबासकीऐवजीं बोलणींच खावीं लागलीं. नोबेल पारितोषिकांत त्याला वाटा मिळाला तो १९५६ सालीं, म्हणजे सत्तावीस वर्षांनीं!

पुढचें पाऊल स्टॉकहोमच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांचें. त्यांची युक्ति इतकी साधी आहे कीं, ती आधीं कोणास कशी सुचली नाहीं याचें आश्चर्य वाटावें. पोकळ सुईनें रोहिणी टोंचावयाची. सुईच्या पोकळींतून एक लवचीक तार आंत सरकवावयाची. सुई काढून घ्यावयाची, तार तशीच ठेवावयाची. आणि मग त्या तारेवरून, सुंभावर मणी ओवावा त्याप्रमाणें, नळी आंत न्यावयाची. १९५३ सालीं ही कृति प्रसिद्ध झाली, आणि तेव्हांपासून तार ही या विद्येची वाटाडी झाली. वाट आधीं तारेनें शोधावयाची. नळी, फुगा, जाळी यांनीं तिच्या मागून यावयाचें.

१६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिक येथें आंद्रेआस ग्रुंटझिग यांनीं एका अडतीस वर्षांच्या रोग्याच्या हृदयरोहिणींत बारीक फुगा नेऊन तो फुगविला व अरुंद झालेली जागा मोकळी केली. हे फुगे त्यांनीं आरंभीं आपल्या घरच्या स्वयंपाकाच्या मेजावर तयार केले होते. दहा वर्षांनीं पुन्हां तपासलें तेव्हां त्या रोग्याची ती रोहिणी उघडीच होती. ग्रुंटझिग मात्र तें पाहावयास राहिले नाहींत. १९८५ सालीं विमान कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांच्या फुग्याला पुढें एक आखूड तार पक्की बसविलेली असे, तिला हवें तसें वळवितां येत नसे. फुग्याच्या आंतून स्वतंत्रपणें पुढेंमागें सरकणारी, बाहेरून पिळली असतां आंत टोंक वळविणारी तार अमेरिकेंतील जॉन सिम्पसन यांनीं १९८०च्या दशकाच्या आरंभीं प्रचारांत आणली. आपल्या देशांत ही विद्या रुजविणाऱ्यांत मद्रासचे मॅथ्यू सॅम्युअल कळरिकल यांचें नांव अग्रभागीं येतें. तेहि ग्रुंटझिग यांच्याच हाताखालीं शिकून आलेले होते.

आतां या तारेची घडण थोडी बारकाईनें पाहिली पाहिजे, कारण ती कां तुटते याचें उत्तर त्या घडणींतच आहे. बाहेरून एक दिसणारी ही तार खरोखर एकजिनसी नसते. आंत पोलादाचा किंवा निकेल-टायटॅनियमचा एक गाभा असतो, तो टोंकाकडे घांसून निमुळता केलेला असतो, आणि शेवटच्या कांहीं सेंटिमीटरांवर प्लॅटिनमसारख्या जड धातूच्या अतिसूक्ष्म तंतूचें वेटोळें गुंडाळलेलें असतें. जड धातु अशासाठीं कीं, तो क्ष-किरणांच्या पडद्यावर काळा दिसावा. वेटोळें अशासाठीं कीं, टोंक मऊ राहावें आणि रोहिणीची भिंत फुटूं नये. म्हणजे टोंक मऊ, मागचा भाग ताठ, आणि दोहोंच्या मध्यें एक सांधा. चाबकाची वादी मुठीशीं जेथें जोडलेली असते तेथेंच ती आधीं झिजते, हें बैल हांकणाऱ्या कोणासहि ठाऊक आहे. तारेचेंहि तसेंच.

रोहिणीच्या चुनखडी झालेल्या अरुंद जागेंत टोंक रुतून बसलें, आणि बाहेरून डॉक्टर तार एकाच दिशेनें पुन्हां पुन्हां पिळीत राहिले, तर तो पीळ टोंकापर्यंत न पोंचतां सांध्यांत सांचत जातो आणि धातु थकतो. दुसरा प्रसंग असा : रोहिणीला फांटा फुटतो तेथें मुख्य वाटेंत जाळी, म्हणजे स्टेंट, बसवितांना फांट्याची वाट बुजूं नये म्हणून तेथें एक तार राखणीला ठेवतात. स्टेंट फुलला कीं ती तार स्टेंट आणि भिंत यांच्या मध्यें चेंगरली जाते. बहुधा ती हलक्या हातानें ओढतां येते. पण कधीं अडते, आणि ओढणाऱ्याच्या हातीं अर्धीच येते. तिसरा प्रसंग हिऱ्याच्या कणांनीं मढविलेल्या त्या सूक्ष्म गिरमिटाचा, जें मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेऊन रोहिणींतील चुना खरवडतें. तें ज्या तारेवरून धांवतें तीच तार त्याच्याखालीं कापली जाऊं शकते. हे सर्व प्रसंग मिळूनहि तार तुटण्याचें प्रमाण हजार उपचारांमागें एक किंवा दोन असें सांगतात. तेव्हां ऐकणाऱ्यांपैकीं ज्यांच्या घरीं उद्यां-परवां कोणाची अँजिओप्लास्टी व्हावयाची असेल त्यांनीं झोंप उडवून घेण्याचें कारण नाहीं. परंतु हजारांत एक हा हिशेब ज्याच्या वाट्याला येतो त्याच्यापुरता तो एकांत एकच असतो.

समजा, वारणेकांठच्या एखाद्या ऊंसकऱ्याला पहांटे छातींत कळ आली. त्याला गाडींत घालून वाठारच्या फांट्यानें हमरस्त्याला लागावयाचें आणि कोल्हापूर गांठावयाचें, किंवा मिरज-सांगलीकडे वळावयाचें. कोल्हापुरास सरकारी छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय आहे, खाजगी रुग्णालयेंहि आहेत. मिरजेस तर १८९४ सालापासून वॅनलेस यांच्या मिशन रुग्णालयाची परंपरा आहे. अशा रोग्याची वाट शक्य तर डॉक्टरांच्या पहिल्या भेटीपासून दीड-दोन तासांच्या आंत उघडावी असा दंडक आहे, कारण दर घटकेला हृदयाचा थोडा थोडा स्नायु मरत असतो. हा गृहस्थ मेजावर जागा असतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मनगट किंवा जांघ तेवढी बधिर केलेली असते. तो पडद्याकडे पाहूं शकतो, बोललेलें ऐकूं शकतो. आणि चाललेलें बोलणें एकाएकीं थांबलें तर तेंहि त्याला समजतें. तार तुटते तेव्हां आवाज होत नाहीं. डॉक्टरांच्या बोटांना ती हलकी लागते, आणि पडद्यावर काळी रेघ जेथें होती तेथेंच राहते. बाहेरची ओढली तरी ती हालत नाहीं. अशा वेळीं "मामा, जरा वेळ लागणार आहे, हालूं नका," एवढेंच शांतपणें म्हणतां येणें ही अर्धी शस्त्रविद्या होय.

या क्षणीं धोका कोणता? परकी वस्तु रक्तांत राहिली कीं तिच्याभोंवतीं गुठळी धरते. नुकतीच उघडलेली रोहिणी पुन्हां बंद पडूं शकते. तुटका तुकडा प्रवाहाबरोबर पुढें सरकून भिंत भेदूं शकतो. आणि सर्वांत फसवा धोका त्या वेटोळ्याचा. विणलेल्या वस्त्राचा एक धागा ओढला कीं तो उसवतच जातो, तसें तें वेटोळें ओढणाऱ्याच्या हातीं उलगडत जातें. दोन सेंटिमीटरच्या टोंकांतून हातभर तंतु निघतो, तो हृदयरोहिणींतून मागें महारोहिणींत लोंबूं लागतो, आणि त्यावरची गुठळी निसटून मेंदूकडे गेली तर अर्धांगवायूचें भय. म्हणून तार अडली असतां पहिली आज्ञा अशी कीं, जोरानें ओढूं नये. रक्त पातळ ठेवणारें हेपारिन पुरेसें आहे कीं नाहीं तें पाहावें, तुकडा कोठून कोठपर्यंत आहे तें निरनिराळ्या कोनांतून न्याहाळावें, आणि मग हात घालावा.

शरीराच्या आंत तुटलेली वस्तु छाती न उघडतां बाहेर काढण्याचा पहिला नामांकित प्रयोग १९६४ सालचा, आणि योगायोग असा कीं ती वस्तु मार्गदर्शक तारेचा तुकडाच होती. हृदयाचा उजवा कप्पा व त्यांत उतरणारी अधोमहानीला यांमध्यें तो पोलादी तुकडा अडकला होता. टॉमस आणि त्यांचे सहकारी यांनीं श्वासनलिकेंतील वस्तु काढण्याचा लांब चिमटा शिरेच्या वाटेनें आंत नेऊन तो बाहेर आणला. पुढें १९७१ सालीं चार्ल्स डॉटर व त्यांचे सहकारी यांनीं हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या यांतून असे तुकडे काढल्याच्या एकोणतीस हकीकती एकत्र करून प्रसिद्ध केल्या. परंतु ती सर्व मोठ्या दालनांतली कामगिरी होती. ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाटेंत चिमटा फिरविणें निराळें.

विहिरींत कळशी पडली म्हणजे खेड्यांतील बायका गळ सोडतात. हृदयरोहिणींतला गळ म्हणजे फांसा. निकेल आणि टायटॅनियम या दोन धातूंचें एक मिश्रण अमेरिकन आरमाराच्या प्रयोगशाळेंत १९६०च्या सुमारास हातीं लागलें. त्याला निटिनॉल म्हणतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं, ही म्हण कोणी धातूला लावावयाची तर ती यालाच लावावी! वाकविलें, चेपलें, नळींत कोंबलें तरी बाहेर येतांच तें आपला मूळ आकार धरतें. त्याचा केवळ दोन ते चार मिलिमीटरचा फांसा बारीक नळींतून नेतात. नळीबाहेर येतांच तो आपल्या दांड्याशीं काटकोन करून हंसाच्या मानेसारखा उघडतो. हा आकार कुर्ट ॲम्प्लाट्झ यांच्या नांवानें ओळखला जातो. तुकड्याचें मागचें टोंक मोकळें असेल तर फांसा त्याच्यावरून ओवावयाचा, नळी पुढें सरकवून आवळावयाचा, आणि सर्व मिळून एकत्र बाहेर काढावयाचें. टोंक भिंतीला चिकटलेलें असलें तर मात्र फांसा वीस वेळां टाकला तरी वीस वेळां रिकामा येतो.

अशा वेळीं उपयोगी पडणारी युक्ति दोर वळणाऱ्यांच्या घरची वाटते. तुटक्या तारेच्या शेजारून दोन किंवा तीन नव्या, मऊ टोंकाच्या तारा तिच्या पुढपर्यंत नेतात. त्यांचीं बाहेरचीं टोंकें एकाच पकडींत धरून एकाच दिशेनें फिरवीत राहतात. आंत त्या एकमेकींभोंवतीं वेढे घेतात, आणि मध्यें सांपडलेला तुकडा त्या पिळांत गुरफटतो. मग सावकाश मागें घ्यावयाचें. पिळण्यामुळें जी तार तुटली ती पिळूनच परत आणावयाची, ही गंमत पाहण्यासारखी आहे. जाड तुकडा यांत चांगला सांपडतो. नुसता उसवलेला तंतु कधीं सांपडतो, कधीं अधिकच उसवतो. तिसरी युक्ति सर्वांत सोपी, पण तिला दैव अनुकूल लागतें : तुकड्याचें मागलें टोंक मुख्य नळीच्या तोंडांत शिल्लक असलें पाहिजे. तसें असेल तर त्याच्या शेजारीं नळीच्या आंतच एक फुगा फुगवावयाचा. टोंक फुगा व नळी यांच्या मध्यें दाबलें जातें, आणि नळी, फुगा व तुकडा असा तिघांचा मेळा बरोबरच बाहेर येतो. म्हणूनच तार तुटली असें कळतांच नळी घाईनें बाहेर काढूं नये, असें जाणते सांगतात. घाईनें नळी काढणारा आपल्या हातांतली एकमेव सोपी वाट स्वतःच मोडतो.

आणि तरीहि तो तुकडा आला नाहीं तर? येथें या विषयाचें खरें मर्म आहे. आणखी एकदां, आणखी एकदां असें करतां करतां तास लोटतो. क्ष-किरणांचा मारा वाढतो, पडद्यावर दिसण्यासाठीं सोडावयाच्या औषधाचा भार मूत्रपिंडांवर पडतो, आणि प्रत्येक फेरींत रोहिणीची आंतली भिंत सोलवटण्याची भीति. कुशल हाताला थांबणें जड जातें; अपुरें काम टाकून उठणें म्हणजे हार, असें त्याला वाटतें. परंतु तुकडा लहान असेल, एखाद्या दूरच्या, आधींच बंद असलेल्या फांट्यांत स्वस्थ पडला असेल, तर त्याला हात न लावणेंच शहाणपणाचें. तसे तुकडे अंगांत घेऊन माणसें वर्षानुवर्षें संसार करीत असल्याच्या नोंदी आहेत. तुकडा मुख्य वाटेंत असेल पण लहान असेल, तर त्याच्यावरून स्टेंट फुलवून त्याला भिंतीशीं चेपून टाकतात. पुढें रोहिणीचें अस्तर त्याच्यावर चढतें. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा जादा स्टेंट रोग्याच्या बिलावर चढतो. औषध लावलेल्या एका स्टेंटची किंमत पूर्वीं लाखावर जात असे. फेब्रुवारी १९१७ नव्हे, २०१७ पर्यंत ती चैन चालली होती, त्या महिन्यांत सरकारनें ती २९,६०० रुपयांवर बांधली. राज्याच्या महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेंतहि अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. ज्या घरांत ऊंसाच्या बिलाची वाट पाहत वर्ष काढतात तेथें या दोन गोष्टींनीं फार फरक पडला.

मात्र लांब तुकडा डाव्या मुख्य रोहिणींत असेल, किंवा तंतु महारोहिणींत लोंबत असेल आणि वरील एकहि उपाय चालला नसेल, तर शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नसतें. छाती उघडून तुकडा काढतात, आणि बहुधा त्याच वेळीं पायाची शीर किंवा छातींतील रोहिणी जोडून हृदयाला नवी वाट करून देतात. हा निर्णय एकट्या डॉक्टरांनीं घ्यावयाचा नसतो. बाहेर बांकावर बसलेल्या पत्नीला, मुलांना, भावाला बोलावून काय घडलें, तुकडा कोठें आहे, काढण्यांत धोका किती व ठेवण्यांत किती, हें त्यांच्या भाषेंत सांगावें लागतें. "थोडी गुंतागुंत झाली आहे" या वाक्यानें कोणाचेंहि समाधान होत नाहीं आणि संशय मात्र वाढतो. तार तुटली, ही गोष्ट दोन शब्दांची आहे. ती दोन शब्दांतच सांगावी.

तुकडा बाहेर आला कीं एक काम राहतें, तें म्हणजे मोजणी. तुटलेले दोन्ही भाग मेजावर टोंकाला टोंक लावून ठेवतात आणि शेजारीं त्याच जातीची नवी, कोरी तार उलगडतात. लांबी भरली तर ठीक. बोटभर कमी पडली तर तें बोटभर आंतच आहे असें समजून पुन्हां पडद्याकडे वळावें लागतें. गाभा जुळला तरी वेटोळें पुरतें आलें कीं नाहीं हें भिंग लावून पाहतात, कारण प्लॅटिनमचा एकेरी तंतु क्ष-किरणांतहि नेहमीं दिसतोच असें नाहीं. त्यासाठीं रोहिणीच्या आंत ध्वनिलहरींची बारीक नळी नेऊन भिंत तपासण्याची सोय आतां झाली आहे.

रोग्याला घरीं सोडतांना जो कागद देतात त्यावर ही हकीकत लिहून घ्यावी : तार तुटली, तुकडा काढला किंवा राहिला, राहिला तर कोणत्या रोहिणींत व किती. तो कागद घरांतल्या दुसऱ्या माणसालाहि कोठें ठेवला आहे तें ठाऊक असावें. पुढें दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या डॉक्टरांनीं छातीचें चित्र काढलें आणि त्यांत एक रेघ दिसली, तर तिचा उलगडा त्या कागदावांचून होणार नाहीं. रक्त न गोठण्याच्या ज्या दोन गोळ्या देतात त्या ठरलेल्या मुदतीपर्यंत चालूच ठेवाव्या. मध्यंतरीं दांत काढावयाचा असला किंवा एखादें गळूं कापावयाचें असलें, तर त्या आपल्या मनानें बंद करूं नयेत. आधीं हृदयाच्या डॉक्टरांना विचारावें, आणि दांताच्या डॉक्टरांनाहि तो कागद दाखवावा.